वैमानिकाचा परवाना आणि घरची शिदोरी
(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात पळस्पे येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने आम्हांस आज बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा हा प्रश्न आम्हांस फार वेळ पडला नाही. गेल्या वर्षभरात आपल्या मंडळींच्या घरी जाणे-येणे होत असता एकच प्रश्न आमच्या कानांवर वारंवार आला. "गुरुजी, मुलगा वैमानिक होतो आहे. उद्या प्रकृतीने दगा दिला तर कंपनी विमा देतेच म्हणतात. मग आपण पदरचे पैसे घालून आणखी विमा कशासाठी उतरावयाचा?" या प्रश्नाचे यथामति उत्तर देण्याचा आजचा प्रयत्न आहे.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही विमा कंपनीचे प्रतिनिधी नाही व वकीलही नाही. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंत आणि आयुष्य गेले ते प्राथमिक शाळेत मुलांस पाढे आणि शुद्धलेखन शिकविण्यात. परंतु कोणताही कागद सही करण्यापूर्वी वाचावा आणि वाचलेल्या शब्दाचा अर्थ विचारावा, एवढा धडा शिकविण्याचा अधिकार शाळामास्तरास आहे, असे आम्ही मानतो. आजचा विषय शेवटी एका शब्दाच्या अर्थावरच येऊन थांबणारा आहे.

आपले पळस्पे दोन महामार्गांच्या संगमावर वसलेले आहे. मुंबईहून आलेला रस्ता येथे दुभंगतो. एक फाटा खंडाळ्याच्या घाटाकडे जातो, दुसरा कर्नाळ्याची खिंड ओलांडून कोकण-गोव्याकडे उतरतो. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, १९८९ साली न्हावा-शेवा येथे बंदर सुरू झाले, ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. ज्या पनवेल-उरण पट्ट्यात वाडवडिलांनी भातखाचरे राखली व मिठागरे पिकविली, तेथून आज आपली मुले आकाशात जाण्याची उमेद बाळगतात. मुलीही मागे नाहीत, आणि का असाव्यात? १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख या मराठी भगिनीने सर्व महिला कर्मचारी असलेल्या प्रवासी विमानाचे नेतृत्व करून ती वाट मोकळी केलेलीच आहे.

परंतु ही वाट महागडी आहे. व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण करावे लागते. बारामती, गोंदिया, नागपूर येथे आपल्या राज्यातच त्याच्या शिक्षणाची सोय आहे. तथापि सर्व खर्च धरता तो अर्ध्या कोटीच्या घरात, प्रसंगी त्याहूनही वर जातो. एवढी रक्कम घरात असते कोणाच्या? कोठे जमिनीच्या मोबदल्याचे पैसे मोडले जातात, कोठे राहते घर गहाण पडते, कोठे काका-मामा जामीन राहतात. म्हणजे वैमानिक होतो तो एक मुलगा. त्याच्या पाठीमागे उभे राहते ते सारे कुटुंब. म्हणूनच ही चर्चा त्या मुलाची एकट्याची नव्हे, ती कुटुंबाची आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. वैमानिकास केवळ परवाना असून भागत नाही. त्याच्या जोडीला वैद्यकीय पात्रतेचे प्रमाणपत्र चालू असावे लागते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांप्रमाणे ही तपासणी ठराविक मुदतीने पुनःपुन्हा होते, आणि वय वाढले की मुदत आखूड होते. डॉक्टरांनी अपात्र ठरविले की त्या दिवसापासून विमान चालविणे बंद. ही अपात्रता कधी तात्पुरती असते, कधी कायमची. तीविरुद्ध दाद मागण्याची सोय आहे. परंतु दाद लागेपर्यंत घरची चूल पेटती ठेवावीच लागते.

येथे विचार करण्यासारखी गोष्ट अशी की, वैमानिक ज्या कारणांनी अपात्र ठरू शकतो ती कारणे इतरांच्या पोटावर पाय आणीत नाहीत. मधुमेहासाठी इन्सुलिन टोचून घेणारे शिक्षक वर्गात उत्तम शिकवितात. हृदयाची शस्त्रक्रिया झालेले व्यापारी गादीवर बसून व्यवहार पाहतात. एकदा फिट आलेला मनुष्य उपचाराने बरा होऊन कचेरीत कामास जातो. वैमानिकाचे मात्र यांपैकी कशानेही परवान्याचे दार बंद होऊ शकते. शरीर धडधाकट दिसते, हात-पाय, डोळे शाबूत असतात, शेजारी म्हणतात "याला काय झाले आहे?" आणि तरीही कमाई थांबलेली असते. जगाच्या दृष्टीने तो अपंग नाही; त्याच्या पेशाच्या दृष्टीने तो अपंग आहे. या दोन दृष्टींमधील अंतर हेच आजच्या विषयाचे मर्म होय.

प्रथम कायदा काय देतो ते पाहू. कामगार नुकसानभरपाईचा कायदा १९२३ सालचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता अमलात आली व तो जुना कायदा तिच्यात विलीन झाला. त्या कायद्यात कर्मचारी कोणास म्हणावे हे सांगताना जहाजावरील खलाशी, विमानाचा कप्तान आणि मोटारगाडीवरील चालक, मदतनीस व क्लीनर यांस एकामागोमाग एक बसविले होते. आकाशातील कप्तान आणि पळस्पे फाट्यावर गाडी उभी करून चहा घेणारा क्लीनर कायद्याच्या एकाच पंक्तीत जेवावयास बसले, हे पाहून आम्हांस समाधान वाटले.

परंतु पानात वाढले किती? संपूर्ण कायमच्या अपंगत्वास मासिक वेतनाच्या ६० टक्क्यांस वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणावयाचे. आणि वेतन कितीही मोठे असले तरी ३ जानेवारी २०२० च्या अधिसूचनेप्रमाणे हिशेबास १५,००० रुपयेच धरावयाचे. चाळीस वर्षांच्या मनुष्याचा गुणक १८४.१७. पंधरा हजारांचे ६० टक्के म्हणजे ९,००० आणि त्यास गुणिले असता १६,५७,५३० रुपये. चालकाच्या घरास ही रक्कम आधार देईल. अर्ध्या कोटीचे कर्ज काढलेल्या घरास ती अपुरी आहे. शिवाय अट अशी की, दुखापत कामामुळे व कामावर असताना झालेल्या अपघाताने झालेली असावी, अथवा कायद्याच्या यादीतील व्यवसायजन्य रोग असावा. घरी बसल्या हृदयविकार जडला तर या वाटेने काही मिळत नाही. तेव्हा कायदा हा पाया आहे, छप्पर नव्हे.

दुसरी गोष्ट मालकाच्या विम्याची. बहुतेक मोठ्या विमान कंपन्या आपल्या वैमानिकांसाठी परवाना गमावण्याविरुद्ध गटविमा घेतात. त्याचे गुण आम्ही मोकळेपणाने सांगतो. सर्व वैमानिकांचा एकत्र विमा असल्याने माणशी हप्ता कमी पडतो, आणि तो पुष्कळदा कंपनीच भरते. गटात सामील होताना प्रत्येकाची स्वतंत्र कसून तपासणी सहसा होत नाही. त्यामुळे ज्यास एकट्याने विमा मिळणे कठीण, त्यासही येथे छत्र मिळते. घरातील कोणी "कंपनीचा विमा कसला" म्हणून नाक मुरडीत असेल तर ते योग्य नव्हे. फुकट मिळालेली छत्री फेकून देऊ नये.

परंतु ती छत्री आपली नव्हे, हे विसरू नये. विमापत्र कंपनीच्या नावाचे असते. रक्कम किती, अटी कोणत्या, पुढील वर्षी विमा चालू ठेवावयाचा की नाही, हे कंपनी ठरविते. नोकरी गेली की छत्रही जाते. आणि नोकरी जाण्यास वैमानिकाचा दोष असावा लागतो असे थोडेच आहे? किंगफिशरची उड्डाणे ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली. मुंबईत मोठी झालेली जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी जमिनीवर उतरली ती उतरलीच. ७ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिच्या अवसायनाचा आदेश दिला. गो फर्स्टची विमाने ३ मे २०२३ पासून थांबली. अशा वेळी पंचेचाळिशीचा वैमानिक बाहेर पडतो, दुसरी नोकरी मिळेपर्यंत महिने जातात, आणि नेमक्या त्या मधल्या काळात तपासणीत दोष निघाला तर? जुन्या कंपनीचे छत्र संपले, नव्या कंपनीचे सुरू झाले नाही आणि वय वाढल्याने स्वतःचा विमाही आता सहजी मिळत नाही. तिन्ही दारे एकदम बंद होतात ती अशी.

तिसरी गोष्ट स्वतःच्या विम्याची. आपल्या देशातील सर्वसाधारण विमा कंपन्या हवाई विम्याच्या विभागात परवाना गमावण्याविरुद्ध विमा देतात. याचा मोठा गुण असा की, नोकरी बदलली म्हणून तो संपत नाही; रक्कमही आपण आपल्या गरजेप्रमाणे मागू शकतो. परंतु येथे हप्ता आपल्या खिशातून जातो. विमा देण्यापूर्वी कंपनी प्रकृतीची विचारपूस करते आणि जो विकार आधीपासून आहे तो बहुधा वगळते. उत्पन्नाच्या मानाने फार मोठ्या रकमेचा विमाही ती देत नाही. म्हणून हा विमा तरुणपणी, प्रकृती निर्दोष असताना घ्यावा. आग लागल्यावर विहीर खणावयास निघालेल्यास पाणी मिळत नाही.

येथेच एक सावधगिरीची सूचना. बाजारात "अपघात विमा" या नावाने जे विकले जाते ते परवान्याच्या विम्याहून अगदी निराळे आहे. त्यात हात, पाय, डोळे गमावले तर पैसे मिळतात. रक्तदाब वाढल्याने परवाना गेला तर एक कवडीही मिळत नाही. आयुर्विम्यास जोडलेले अपंगत्वाचे पोटकलमही पुष्कळदा अपघातापुरतेच असते. गंभीर आजाराचा विमा यादीतील आजारांवरच पैसे देतो. नावे सारखी, हप्त्याच्या पावत्या सारख्या, परंतु अर्थ भिन्न. म्हणून आम्ही आरंभी म्हणालो की सारा प्रश्न शब्दाच्या अर्थाचा आहे. विमापत्रात "अपंगत्व" या शब्दाची व्याख्या कोणती, हे प्रथम पाहावे. "कोणतेही काम करण्यास असमर्थ" असे लिहिले असेल, तर कंपनी म्हणू शकेल की तुम्ही कचेरीत बसू शकता, तेव्हा तुम्ही अपंग नाही. "विमान चालविण्याचा परवाना वैद्यकीय कारणाने गमावणे" असे लिहिले असेल, तरच तो विमा वैमानिकाच्या खऱ्या उपयोगाचा.

अमेरिकेतही हाच पेच आहे. तेथील मालकांच्या दीर्घ अपंगत्वाच्या गटविम्यांत बहुधा पहिली दोन वर्षे "स्वतःच्या पेशास असमर्थ" ही व्याख्या लावतात व पुढे "कोणत्याही कामास असमर्थ" ही कठोर व्याख्या लागू होते. शिवाय हप्ता मालकाने भरला असेल तर मिळालेल्या भरपाईवर तेथे आयकर द्यावा लागतो. स्वतः कर भरलेल्या पैशांतून हप्ता भरला असेल तर द्यावा लागत नाही. म्हणजे कागदावर दोन्हीकडे सारखी दिसणारी रक्कम हाती येताना सारखी राहत नाही.

या विषयाची दुसरी, अधिक गंभीर बाजू सांगितल्यावाचून आमच्याने राहवत नाही. २४ मार्च २०१५ रोजी बार्सिलोनाहून ड्युसेलडॉर्फकडे निघालेले जर्मनविंग्जचे विमान सहवैमानिकाने जाणूनबुजून आल्प्स पर्वतावर आदळविले व १५० जीव गेले. त्याने आपला मानसिक आजार कंपनीपासून लपविला होता. फ्रान्सच्या तपासयंत्रणेने २०१६ साली जो अहवाल दिला त्यात नमूद आहे की, प्रशिक्षणासाठी त्याने सुमारे ४१ हजार यूरोचे कर्ज काढले होते. नोकरीच्या आरंभीच्या काळात परवाना गेला असता तर त्यास कंपनीच्या सोयीतून एकरकमी सुमारे ५९ हजार यूरो मिळाले असते. पुढच्या उत्पन्नाची भरपाई करणारा दुसरा विमा त्याजपाशी नव्हता आणि वैद्यकीय प्रमाणपत्रावरील विशेष शेऱ्यामुळे तो मिळणे अवघड झाले होते. विमा असता तर ते घोर कृत्य टळले असते असे कोणी म्हणणार नाही, आम्हीही म्हणत नाही. परंतु आजार सांगितला तर पोट जाते, या भीतीने वैमानिक आजार लपवितात, ही गोष्ट त्या अहवालाने जगापुढे ठेवली आणि परवाना गमावण्याचा आर्थिक धोका हलका करण्याचे उपाय सुचविले. ज्याच्या घरची शिदोरी बांधलेली आहे तो डॉक्टरांपुढे खरे बोलू शकतो. हा विमा केवळ वैमानिकाचे घर राखीत नाही. तो पाठीमागे बसलेल्या प्रवाशांचीही राखण करतो.

आता हिशेब कसा मांडावा ते पाहू. उदाहरणच घेऊ. समजा, कर्जाचे ४० लाख फेडावयाचे शिल्लक आहेत. घरखर्च दरमहा ७५,००० रुपये, म्हणजे वर्षास ९ लाख. परवाना गेल्यावर दुसऱ्या उद्योगात पाय रोवण्यास पाच वर्षे लागतील असे धरले तर ४५ लाख. एकूण गरज ८५ लाख. कंपनीच्या गटविम्यातून ५० लाख मिळणार असतील तर उणीव राहिली ३५ लाखांची. तेवढा स्वतःचा विमा घ्यावा. आणि कंपनी बुडाली तर उणीव सबंध ८५ लाखांची होईल, हे ध्यानी ठेवून काही शिल्लकही बाजूस टाकीत जावे. कर्ज फिटत गेले की गरज कमी होते. म्हणून हा हिशेब दरवर्षी एकदा पुन्हा मांडावा. तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे: कंपनीचा विमा की स्वतःचा, हा वाद नाही, कंपनीचा घ्यावा आणि उरलेली उणीव स्वतःच्या विम्याने भरावी.

वैमानिक आपल्यांत थोडे. विमानतळावर सामान चढविणारे, सुरक्षा पाहणारे, बंदराच्या गाड्या हाकणारे पुष्कळ. त्यांसही चार शब्द सांगणे आमचे कर्तव्य आहे. दरमहा वेतन २१,००० रुपयांपर्यंत असणाऱ्यांस राज्य विमा योजनेचा लाभ मिळतो, अशी मर्यादा २०१७ पासून ठरलेली आहे. आपला ठेकेदार ती वर्गणी भरतो की नाही हे प्रत्येकाने पाहावे. तिच्यात कामावरील अपघाताने आलेल्या कायमच्या अपंगत्वास नियमित रक्कम मिळते. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना २०१५ साली निघाली. १ जून २०२२ पासून तिचा वार्षिक हप्ता २० रुपये आहे, वयोमर्यादा १८ ते ७० वर्षे, अपघाती मृत्यू वा पूर्ण अपंगत्वास २ लाख आणि अंशतः अपंगत्वास १ लाख रुपये. वीस रुपये म्हणजे फाट्यावरचे दोन चहा. ज्यांचे स्वतःचे वाहन आहे व जे स्वतः ते चालवितात, त्यांच्या वाहनविम्यात मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमाही असतो. परंतु वाहन आपल्या नावावर व परवाना चालू असला तरच तो उपयोगी पडतो. गाडी भावाच्या नावावर आणि चालवितो आपण, असे आपल्याकडे पुष्कळ घरी आहे. अशा घरांनी कागद आजच तपासावेत.

विमापत्र हाती आल्यावर विचारावयाचे प्रश्न आम्ही थोडक्यात सांगतो. अपंगत्वाची व्याख्या काय? अपघात आणि आजार दोन्ही धरले आहेत काय? कोणते विकार वगळले आहेत? तात्पुरत्या अपात्रतेत काही मिळते काय, आणि किती दिवसांनंतर? वय वाढता रक्कम घटते काय? नोकरी सुटली तर विमा कोणत्या दिवशी संपतो? यांची उत्तरे तोंडी घेऊ नयेत, लेखी घ्यावीत. अर्ज भरताना प्रकृतीविषयी काहीही लपवू नये. लपविलेली गोष्ट पैसे मिळण्याच्या वेळीच बाहेर येते. कंपनीने मागणी नाकारली तर प्रथम तिच्याकडेच लेखी तक्रार करावी. महिनाभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत दाद मागता येते. त्यास फी पडत नाही व वकीलही लागत नाही.

शेवटी संस्थेस एक विनंती. आपण दरवर्षी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो, वधू-वर मेळावा भरवितो. ही कामे चांगलीच आहेत. त्यांच्या जोडीला वर्षातून एक रविवार असा ठेवावा की, ज्ञातिबांधवांनी आपापली विमापत्रे घेऊन यावीत आणि आपल्यांतील जाणत्या मंडळींनी ती वाचून त्यांचा अर्थ सांगावा. त्यासाठी देणगी लागत नाही. एक सतरंजी, चार चष्मे आणि थोडा धीर पुरे. आमच्यासारखे निवृत्त शिक्षक त्या कामी हजर राहतील, याची हमी आम्ही आजच देतो.

आपली मुले उंच जावोत. परंतु पतंग उंच जातो तो खाली मांजा धरणारा हात घट्ट असतो म्हणून. तो हात कुटुंबाचा आहे. त्यास बळ देणे हे आपणां सर्वांचे काम आहे.